झील कोण धरणार?

१९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या ज्या मैदानावर उतरले, तिथं आता मुख्यतः हेलिकॉप्टरं उतरतात. त्या विमानतळापासून फार लांब नसलेल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत, गेल्या पावसाळ्यात मी एका मुलाचं रेकॉर्डिंग ऐकत बसलो होतो. एका भिंतीला गोधडी टांगलेली. कपाटाची दारं मुद्दाम उघडी, कारण आत लटकलेले कपडे आवाजाचा घुमारा गिळतात. मधोमध स्टँडवर माइक, त्याच्यापुढं जाळीची चकती. मुलगा पार्ल्याच्या कॉलेजात शिकणारा, वय एकवीस. लिहितो मराठीत. रॅप करतो.

सोळा ओळी होत्या. मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या तालावर चार ठोक्यांचं एक आवर्तन पावणेतीन सेकंदांहून किंचित कमी वेळात संपतं. म्हणजे सोळा आवर्तनांचा सगळा ऐवज त्रेचाळीस सेकंदांचा. त्याला अडीच तास लागले. त्यातला काही वेळ हेलिकॉप्टरांनी खाल्ला, हे खरं. पण बाकीचा वेळ गेला तो ओळ तोडून तोडून घेण्यात. अर्धी ओळ म्हणायची, थांबायचं, पुढची अर्धी तिथंच जोडायची. याला ही मुलं 'पंच-इन' म्हणतात. सगळं जोडून झाल्यावर ऐकलं तर दगडी भिंतीसारखं सलग वाटत होतं. मग कॉम्प्युटरवर बसलेला त्याचा मित्र सहज म्हणाला, "आता एकदा सगळं एका दमात म्हणून दाखव की." सहाव्या ओळीला पोराचा दम तुटला. तो हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी गेली काही वर्षं शाहिरीच्या नादी लागलेला माणूस आहे, आणि त्या क्षणी मला पोवाड्याच्या फडातला झीलकरी आठवला.

झीलकरी म्हणजे मुख्य शाहिराच्या मागं उभा राहणारा साथीदार. हातात तुणतुणं नाहीतर झांज. शाहीर चौक रंगवत नेतो आणि ओळ संपते न संपते तोच मागचे 'जी जी रं जी' करून ती उचलतात. ऐकणाऱ्याला वाटतं ही शोभा आहे. ती शोभा आहेच, पण त्याआधी ती सोय आहे. त्या दोन-तीन सेकंदांत शाहीर श्वास भरून घेतो, पुढची ओळ आठवतो, डफावर थाप मारून लोकांकडं एक नजर टाकतो. तमाशातल्या सुरत्यांचं कामही तेच. एका माणसाच्या छातीत मावणार नाही एवढी कविता चारजणांच्या छातीत वाटून ठेवायची, अशी ती व्यवस्था होती.

अफजलखान वधावरचा अग्निदासाचा पोवाडा सतराव्या शतकातला. तो आणि त्याच्यासारखे कितीतरी पोवाडे हॅरी अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली छापून काढले, म्हणून आपल्याला मिळाले. त्यांचे उपकार मोठे. पण छापलेल्या पोवाड्यात श्वास दिसत नाही. शब्द सगळे येतात, शाहीर कुठं थांबला आणि मागच्यांनी कुठं उचललं ते कागदावर उतरत नाही. त्यामुळं आपण पोवाड्याचा अभ्यास वीररस, इतिहास, भाषा या अंगांनी पुष्कळ केला आणि फुप्फुसांच्या अंगानं जवळजवळ केलाच नाही.

रॅपची तुलना पोवाड्याशी करण्याची आता रीतच पडली आहे. मला ती अर्धीच पटते. वेगाच्या दृष्टीनं रॅपच्या अधिक जवळचा प्रकार आपल्याकडं आहे तो कटाव. अठराव्या शतकातल्या अमृतरायांचे कटाव ज्यांनी चांगल्या कीर्तनकाराच्या तोंडून ऐकले असतील त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. अनुप्रासांची माळ, एकाच प्रकारच्या शेवटाचे शब्द एकामागून एक, टाळ-मृदंगाची लय पक्की, आणि कीर्तनकार न थांबता दौडत चाललेला. समोरचे लोक अर्थापेक्षा एकाच गोष्टीची वाट पाहत असतात: बुवा श्वास कुठं घेणार? बुवांनी तो चोरून घेतलेला असतो, एखाद्या दीर्घ स्वराच्या शेपटाला. ही चोरी हीच कटावाची विद्या.

आता यंत्राकडं येऊ. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये, कोलकात्यात. गौहर जान यांनी फ्रेड गाइसबर्गच्या यंत्रापुढं गायलेल्या तबकड्या प्रसिद्धच आहेत. त्या वेळी माइक नव्हता, भोंगा होता. भोंग्यात तोंड घालून जोरात गायचं, तार सप्तकात गेलं की डोकं मागं घ्यायचं, नाहीतर सुई उडायची. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. रात्रभर चालणाऱ्या कलेला या मापात बसवताना सगळ्यात आधी छाटलं जातं ते मोकळं अंग: आळवणी, थांबणं, साथीदारांची पुनरावृत्ती. ख्याल आखडला तसाच पोवाडाही आखडला. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं मुद्रण आलं आणि माइक आला. आता ओरडण्याची गरज उरली नाही. कुजबूजही मुद्रित होऊ लागली. आपल्या संगीतात यानं काय उलथापालथ झाली ते भावगीताचे अभ्यासक सांगतातच. मला इथं एवढंच नोंदवायचं आहे की माइकनं आवाज जवळ आणला, तसा श्वासही जवळ आणला. भोंग्याला श्वास ऐकू येत नव्हता. माइकला येतो.

शाहिरांच्या वाट्याला मात्र माइक आला तो वेगळ्या रूपात, लाउडस्पीकर म्हणून. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. हे आवाज मुळात माइकशिवाय लांब पोचणारे. यंत्र आलं ते त्यांना आणखी लांब नेण्यासाठी. आणि मुख्य म्हणजे पथक पथकच राहिलं. माइक एक, माणसं चार. झील शाबूत होती.

चित्रपटातल्या एका गाण्याचा उल्लेख इथं टाळता येत नाही. १९६८ सालचा 'आशीर्वाद', दिग्दर्शक हृषिकेश मुखर्जी. त्यात अशोक कुमारनं लहान मुलांपुढं म्हटलेलं आगगाडीचं गाणं हे भारतातलं पहिलं रॅप, असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. शब्द हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे. संगीत आपल्या कोकणातल्या वसंत देसाईंचं, ही गोष्ट मात्र मराठी माणसंही विसरतात. 'पहिलं' वगैरे किताब देण्यात मला रस नाही. पण त्या गाण्यात गाडीचा वेग वाढत जातो तसा स्थानकांच्या नावांचा मारा वाढतो, आणि अशोक कुमारचा आवाज गायकाचा नसून नटाचा आहे, हे महत्त्वाचं. तो सूर लावण्याच्या फंदात पडत नाही, शब्दांची टोकं लावतो. त्या काळी ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या ठिकाणी वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी मुद्रित होत. एक चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून गायक तयारी करूनच यायचे. तयारी म्हणजे पाठांतर नव्हे. श्वास कुठं घ्यायचा ते ठरवणं.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या ऑगस्टमध्ये डीजे कूल हर्कनं केलेल्या पार्टीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात. तिथंही सुरुवातीला रॅप ही एकट्याची कला नव्हती. १९७९ सालचं शुगरहिल गँगचं 'रॅपर्स डिलाइट' घ्या. लांब आवृत्ती साडेचौदा मिनिटांची, पण म्हणणारे तिघं, आळीपाळीनं. पुढं मंचावर मुख्य रॅपरच्या बाजूला एक साथीदार असायचा, तो ओळीचा शेवटचा शब्द त्याच्याबरोबर ओरडायचा. पब्लिक एनिमीतला फ्लेवर फ्लेव हा त्याचा गाजलेला नमुना. इंग्रजीत त्याला 'हाइप मॅन' म्हणतात. आपल्याकडं शब्द आधीपासून होता.

आपल्याकडं रॅप आलं ते बाबा सेहगलच्या १९९२ मधल्या 'ठंडा ठंडा पानी'बरोबर, गंमत म्हणून. ते गंभीर व्हायला वीस वर्षं लागली, आणि त्यामागं जितका असंतोष आहे तितकंच एक सॉफ्टवेअरही आहे. २०११ मध्ये अ‍ॅपलनं आयपॅडसाठी 'गॅरेजबँड' आणलं, आणि अशी साधनं हळूहळू सगळ्यांच्या हातात आली. कुर्ल्याच्या नावेद शेखनं, म्हणजे नेझीनं, २०१४ मध्ये 'आफत' हे गाणं आयपॅडवर मुद्रित केलं आणि चित्रितही त्यावरच केलं. अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरमधला विवियन फर्नांडिस, म्हणजे डिव्हाइन, त्याच्या आधी वर्षभर 'ये मेरा बॉम्बे' घेऊन आला होता. २०१५ मध्ये दोघांचं 'मेरे गली में' आलं, आणि १४ फेब्रुवारी २०१९ ला झोया अख्तरचा 'गली बॉय' लागला तेव्हा ज्यांना रॅप म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं.

ही कथा आपण 'स्टुडिओचे दरवाजे बंद होते, पोरांनी घरात स्टुडिओ केला' अशी सांगतो. ती खरी आहे. अंधेरी-कुर्ल्याच्या पोरानं जुहूकडं पाहिलं तर त्याला काय दिसत होतं? सनी सुपर साउंडसारखे सिनेमावाल्यांचे स्टुडिओ, जिथं तासाचे पैसे लागतात. त्यामुळं खोली, गोधडी आणि कपाट. पण या कथेला एक दुसरी बाजू आहे. खोलीत पोरगा एकटा पडला. समोर पडदा, कानात हेडफोन, आणि चूक पुसण्याची अमर्याद मुभा. झीलकऱ्याला उभं राहायला जागाही नाही.

आणि म्हणून मशीननं झीलकरी परत आणला! मूळ ओळ मुद्रित झाली की तोच मुलगा प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द दुसऱ्या पट्टीवर पुन्हा म्हणतो. याला 'डबल' म्हणतात. तिसऱ्या पट्टीवर मधूनच 'हा', 'चल', 'ऐक' अशी पेरणी, ती 'अ‍ॅड-लिब'. हे आवाज थोडे बारीक करून डाव्या-उजव्या बाजूला ठेवायचे. कान देऊन ऐका, एकच पोरगा स्वतःच्याच मागं चारजण होऊन उभा असतो. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा गंमत वाटली आणि थोडं गलबलूनही आलं.

शेवटच्याच शब्दावर झील का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. यमक ओळीच्या शेवटी असतं, आणि छातीतली हवा ओळीच्या शेवटीच सर्वांत कमी असते. म्हणजे कवितेला जिथं जोर हवा, तिथंच माणूस रिकामा होतो. पोवाड्यानं हे ओळखलं, ब्राँक्सनंही ओळखलं.

मराठीत तर ही अडचण जरा जास्तच. नव्वदच्या लयीत एका आवर्तनाचे सोळा भाग पाडले तर सेकंदाला सहा अक्षरं येतात. त्यात आपली भाषा महाप्राणांची: भ, ध, घ, फ, ठ. 'भूक', 'धग', 'झोपडपट्टी' यांसारखे रॅपला लागणारे शब्द नेमके हवा खाणारे. 'म्ह' आणि 'न्ह' तर नाकातून आणि तोंडातून दोन्हीकडून खर्च करतात. म्हणून वेगात 'म्हणून'चं 'म्हून' होतं. ही अशुद्धता नव्हे, काटकसर आहे. बोलीत लिहिणारी मुलं या बाबतीत प्रमाण भाषेत लिहिणाऱ्यांपेक्षा सुखी असतात. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऐकावा. हा आपलं नाव '१००आरबीएच' असं लिहितो, शंभरचा 'सौ' करून. त्याच्या बोलीतले आखूड शब्द तालाच्या खाचेत कसे बसतात ते व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा चांगलं कळतं.

दुसरी गोष्ट शेवटच्या 'अ'ची. बोलताना 'घर' हा शब्द एका झटक्यात संपतो. ओवीत किंवा अभंगात गाताना तो 'घ-र' असा दोन अक्षरांचा होतो, आणि त्या 'अ'वर गाणारा टेकतो. रॅप बोलण्याच्या बाजूचं असल्यामुळं ती टेकायची जागाच नाहीशी होते. वृत्तात लिहिण्याची सवय असलेला कवी रॅप लिहायला बसला की त्याची अक्षरं मोजणीत बरोबर आणि तालात चूक येतात ती यामुळं. आमच्या जुहूच्या पोराचंही थोडंफार हेच झालं होतं. त्यानं अष्टाक्षरीच्या हिशेबानं लिहिलं आणि बोलीच्या हिशेबानं म्हटलं, मग जिथं अक्षर कमी पडलं तिथं एक जास्तीचा शब्द कोंबला. तो शब्द श्वासाच्या जागेत बसला.

माइकपुढच्या तंत्राचं म्हणाल तर निम्मं तंत्र या अक्षरांशीच झगडण्याचं आहे. प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून सुटणारा वाऱ्याचा गोळा थेट माइकच्या पडद्यावर आदळतो आणि 'धप्' असा आवाज उमटतो. जाळीची चकती त्यासाठी. पण त्याहून साधा उपाय म्हणजे माइक तोंडाच्या समोर न ठेवता थोडा बाजूला, तिरका ठेवणं. वारा सरळ जातो, आवाज सगळीकडं जातो. दुसरा शत्रू आपला दंत्य च-ज. 'चाक', 'चूल', 'जास्त' यांतला हा उच्चार दातांतून हवा सोडतो, आणि जवळच्या माइकला ती शिट्टीसारखी टोचते. तिसरी बाब अंतर. एका दिशेचा आवाज घेणाऱ्या माइकच्या जितकं जवळ जावं तितका खर्ज फुगतो. मुलांना तो फुगलेला आवाज आवडतो, मर्दानी वाटतो. पण दमछाक झाली की मान पुढं येते, आणि मग पहिल्या ओळीचा आवाज एका माणसाचा आणि आठव्या ओळीचा दुसऱ्याचाच वाटतो. वीतभर अंतर ठरवून पायाशी जमिनीवर चिकटपट्टी लावणं हा यावरचा इलाज त्या खोलीत मी पाहिला, आणि मला तो फार आवडला.

ज्या दिवशी हे रेकॉर्डिंग झालं, त्याच संध्याकाळी मी त्या दोघांना घेऊन पृथ्वी थिएटरला गेलो. शशी आणि जेनिफर कपूर यांनी १९७८ मध्ये जुहूत बांधलेली ही नाट्यगृहाची वास्तू आता सगळ्यांच्या ओळखीची आहे. रंगमंच पुढं आलेला, प्रेक्षक तीन बाजूंना. नटाची पाठ कुणाकडं तरी असतेच, तरी वाक्य सगळ्यांपर्यंत जायला हवं, आणि तेही बहुधा माइकशिवाय. याच अंगणात सत्यदेव दुबेंनी नटांच्या पिढ्यांना बोलायला शिकवलं. वाक्याचा शेवट खाली पडू द्यायचा नाही, हा नाटकातला पहिला धडा. तो धडा आणि झील, दोन्ही एकाच दुखण्याची औषधं. नाटक सुटल्यावर पोरगा म्हणाला, "काका, तो शेवटच्या शब्दासाठी हवा राखून ठेवतो." मी त्याला सुरेश वाडकरांचं 'आजीवासन' जवळच असल्याचं सांगितलं, पण खर्ज लावायला तो जाईल असं मला वाटत नाही. गाण्याच्या क्लासचं नाव काढलं की ही मुलं अंग चोरतात.

पंच-इन वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. तबकडीनं गाणं कापलं, टेपनं जोडायला शिकवलं, कॉम्प्युटरनं अक्षरापर्यंत जोडता येऊ लागलं. प्रत्येक वेळी कुणीतरी कला बुडाल्याची हाकाटी केली आहे. अडचण दुसरीच आहे. मुंबईत रॅपर पोट भरतो ते मंचावर, तबकडीवर नव्हे. मंचावर पंच-इन नाही. तिथं मग पाठीमागं स्वतःचंच मुद्रित गाणं लावून पोरं वरवर ओठ हलवतात आणि दम तुटला की माइक प्रेक्षकांकडं करतात. 'स्वदेसी'सारखे गट वेगळे वाटतात ते इथं. २०१९ मधल्या त्यांच्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये आरेचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज रॅपरांच्या आवाजाशेजारी उभा आहे. गाणं आरेच्या जंगलाबद्दल आहे, आणि ते एकट्या छातीतून निघालेलं नाही, हे ऐकताना कळतं.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्या खोलीत गेलो. सोळा ओळींच्या चौदा झाल्या होत्या. कागदावर पेन्सिलीनं तिरक्या रेघा होत्या, प्रत्येक रेघ म्हणजे एक श्वास. कोंबलेले शब्द गेले होते. 'म्हणून' खोडून 'म्हून' केलं होतं. मित्राच्या हातात दुसरा, साधा हाताचा माइक होता. त्याला स्टँड नव्हता, म्हणून तो पलंगावर गुडघे टेकून बसला होता. पहिला प्रयत्न हेलिकॉप्टरनं घालवला. दुसरा मित्रानं, तो एक ठोका आधीच उचलता झाला. तिसऱ्या वेळी सहावी ओळ आली, मुलानं शेवटचा शब्द अर्धाच म्हटला, उरलेला पलंगावरून आला, आणि सातवी ओळ सुरू झाली.